‘पाच वस्तू सांगितल्या तर दोनच आणतात’: वाचाघात, अल्पकालीन स्मृती आणि अर्ध्यावर सुटणारं वाक्य

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील ६३ वर्षांचे, किराणा दुकान चालवणारे. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात आता बराच सुधारलाय. वस्तू समोर धरली तर तिचं नाव ते बहुतेक वेळा सांगतात. पण मोठं वाक्य सुरू केलं की मध्येच अडकतात, ‘ते... ते... जाऊ दे’ म्हणतात आणि हात झटकून गप्प होतात. आतून पाच वस्तू आणायला सांगितल्या तर दोन आणतात. ओटीपीचे सहा आकडे वाचून दाखवले तर त्यांच्या तोंडून पहिले दोनच येतात. आणि याच माणसाला गेल्या दिवाळीपासून कोणाकडे किती उधारी थकली आहे ते तोंडपाठ आहे. नातेवाईक म्हणतात, स्मरणशक्ती गेली. सुडोकू द्या, ब्राह्मी द्या, मोबाईलवर मेमरीचे खेळ द्या. मुलगी विचारते: स्मृतीचे व्यायाम केले तर बोलणं सुधारेल का? आणि बाबांना परत दुकानात बसवू का?

मी बावीस वर्षं वाचोपचार करते आहे, त्यातली बहुतेक वर्षं झटक्यानंतर वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडलेल्या माणसांबरोबर गेली. हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, उधारीची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलं. सगळ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. आपण ‘स्मृती’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात निरनिराळ्या गोष्टी येतात. दिवाळीपासूनची उधारी, नातवाचं नाव, गावाकडच्या घराचा रस्ता ही दीर्घकाळ टिकणारी स्मृती. तुमच्या वर्णनावरून ती बाबांची शाबूत दिसते. ओटीपीचे सहा आकडे ऐकून तोंडाने म्हणेपर्यंत, किंवा फार तर टाइप करेपर्यंत, डोक्यात धरून ठेवणं ही अल्पकालीन स्मृती. तिचा पल्ला काही सेकंदांचा असतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलं की साधारण माणूस एका वेळी सातच्या आसपास गोष्टी धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला. वाचाघात झालेल्या माणसांत तो दोन-तीनवर येणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणजे ‘बाबांची स्मृती गेली का?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. दोन-तीन गोष्टींच्या वर डोक्यात टिकत नाही आणि वाक्य अर्ध्यावर सुटतं, या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय? एकीमुळे दुसरी होते, की दोन्हींच्या मुळाशी एकच बिघाड आहे? त्याच्या उत्तरावर व्यायाम कोणता करायचा ते ठरतं.

आधी साधं बोलणं कसं घडतं ते बघू. आपल्याला वाटतं, एक शब्द सुचतो, तो बोलतो, मग पुढचा सुचतो. तसं होत नाही. घाईत एखादा माणूस ‘पोळी-भाजी’च्या जागी ‘भोळी-पाजी’ म्हणून जातो. अशी चूक का होते? ‘पोळी’ अजून तोंडातून बाहेरही पडलेली नसते, तेव्हाच ‘भाजी’चा भ तयार होऊन रांगेत उभा असतो, म्हणून. म्हणजे आपण बोलतो तेव्हा पुढचे काही शब्द आधीच जागे झालेले असतात आणि आपली पाळी येईपर्यंत जागे राहतात. हे जागं राहणं म्हणजेच स्मृती. ती काही सेकंदांचीच असते, पण तिच्याशिवाय वाक्य उभं राहत नाही.

वाचाघातात हे जागं राहणं बिघडू शकतं. शब्द डोक्यात उजळतो, पण वातीत तेल नसल्यासारखा विझतो. एकाच शब्दाचं काम असेल तर विझण्याआधी तो तोंडातून निघतो. म्हणूनच वस्तू दाखवली की बाबा नाव सांगतात. पाच शब्दांचं वाक्य असेल तर पहिले दोन बोलेपर्यंत उरलेले तीन विझतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय बोलायचं तेच विसरले. बाबांना काय म्हणायचं आहे ते पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते हात झटकतात. ज्याला आपण काय बोलत होतो तेच आठवत नाही, तो सहसा चिडण्याऐवजी गोंधळतो. हा फरक मी नव्या रुग्णाच्या चेहऱ्यावर पहिल्या दहा मिनिटांत शोधते.

पण इथे थांबावं लागतं, कारण ‘आकडे म्हणता येत नाहीत म्हणून वाक्य बोलता येत नाही’ असा सरळ हिशोब मांडता येत नाही. याचा पुरावा जुना आहे. १९६९ साली लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी के. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाबद्दल लिहिलं. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. एक आकडा तो नीट परत म्हणायचा, दोन दिले की डळमळायचा, पण नव्या गोष्टी शिकून लक्षात ठेवणं त्याला जमत होतं. मग १९७७ मध्ये शॅलिस आणि ब्रायन बटरवर्थ यांनी जे. बी. या रुग्णाचं सहज बोलणं तपासलं. या बाईंचाही आकड्यांचा पल्ला असाच तोकडा होता. पण बोलताना त्या घेत असलेले विराम आणि होणाऱ्या चुका सामान्य माणसासारख्याच निघाल्या. इटलीतली पी. व्ही. ही रुग्ण तशीच: बोलणं ओघवतं, पण ऐकलेले आकडे दोन-तीनच्या पुढे टिकत नाहीत. १९८८ मध्ये तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती शिकायची, पण अनोळखी रशियन शब्द तिला काही केल्या शिकता येईनात. अशा रुग्णांपैकी कुणी सेक्रेटरीचं काम करत होतं, कुणी टॅक्सी चालवत होतं, आणि ताई, कुणी दुकानही सांभाळत होतं.

मग बाबांचं वाक्य का अडकतं?

कारण डोक्यात शब्द धरून ठेवणं हेही एकाच प्रकारचं नसतं. शब्दाला दोन बाजू असतात, आवाजाची आणि अर्थाची. काही जणांत आवाजाची बाजू लवकर विझते, काही जणांत अर्थाची. आवाजाची बाजू विझली की ऐकलेले आकडे, नावं, अनोळखी शब्द परत म्हणता येत नाहीत. पण स्वतःच्या मनातलं बोलायला फारसं अडत नाही, कारण तिथे आवाज बाहेरून ऐकून धरायचा नसतो, तो आतल्या अर्थातून तयार होतो. जे. बी. आणि पी. व्ही. या गटातल्या. अर्थाची बाजू विझते तेव्हा मात्र बोलण्यालाच धक्का बसतो, कारण वाक्य बांधताना मनात रांगेत उभे असतात ते अर्थच.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या रँडी मार्टिन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांच्या अर्थधारणा (शब्दांचे अर्थ डोक्यात धरून ठेवणं) कमकुवत असलेल्या रुग्णांना ‘आखूड’ म्हणता यायचं, ‘केस’ म्हणता यायचं, पण ‘आखूड तपकिरी केस’ असं सलग म्हणताना ते अडखळायचे. नामाच्या आधी येणारी विशेषणं बोलायची तर नाम निवडून तयार ठेवावं लागतं, आणि ते तयार ठेवणंच त्यांना जमत नव्हतं.

हे मी माझ्या टेबलासमोर पाहिलं आहे. एक काकू होत्या, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. त्यांच्यापुढे मी एक जुनी लाल पिशवी ठेवली. ‘कोणता रंग?’ ‘लाल.’ ‘कशी आहे, नवी?’ ‘जुनी.’ ‘हे काय?’ ‘पिशवी.’ तिन्ही उत्तरं लगेच आली. मग म्हटलं, आता सगळं एकदम सांगा. ‘जुनी...’ म्हणून त्या थांबल्या, बोटं टेबलावर शिवण घातल्यासारखी चालत राहिली. ‘जुनी... जुनी... ही.’ मी विचारलं, पिशवीपासून सुरुवात करायची का? ‘पिशवी. लाल आहे. जुनी आहे.’ एका दमात. तेच तीन शब्द, तेवढाच अर्थ. पण नाम आधी बाहेर पडलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं.

मराठीत या गोष्टीला जास्त महत्त्व आहे असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि भूतकाळात ते बहुतेक वेळा कर्माकडे बघून आपलं रूप ठरवतं. ‘बाबांनी काल बाजारातून नवीन छत्री आणली.’ ‘आणली’ म्हणेपर्यंत ‘छत्री’ स्त्रीलिंगी आहे हे कुठेतरी धरून ठेवावं लागतं, आणि छत्रीच्या आधी ‘काल’, ‘बाजारातून’, ‘नवीन’ असा ऐवज सांभाळत आणावा लागतो. ‘आणला... आणलं... ते’ असं अडखळणं मी वरचेवर ऐकते. दरवेळी ते धारणेमुळेच होतं असं नाही, व्याकरणाचीच घडी विस्कटलेली असू शकते. पण मराठीत एक सोयही आहे. आपण बोलताना शब्दांची जागा मोकळेपणाने बदलतो. ‘छत्री आणली. बाबांनी. बाजारातून.’ हे ऐकायला मुळीच विचित्र वाटत नाही, रोज कट्ट्यावर माणसं असंच बोलतात. ही सोय उपचारात वापरता येते, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसऱ्या मार्टिन म्हणजे फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या नॅडीन मार्टिन. स्मृती हा भाषेच्या शेजारी ठेवलेला वेगळा डबा मानू नका, असं त्यांच्या कामाचं सार आहे. शब्द ओळखताना आणि बोलताना जी जागृती लागते, तीच काही क्षण टिकली की तिला आपण अल्पकालीन स्मृती म्हणतो. ती भरभर ओसरायला लागली की एक शब्द बोलण्यातही चुका होतात आणि अनेक शब्द धरण्यातही. त्यांनी एन. सी. नावाने नोंदवलेला रुग्ण ऐकलेला शब्द परत म्हणताना त्या अर्थाचा दुसराच शब्द म्हणायचा. माझ्याकडचे एक निवृत्त शिक्षक अगदी तसेच होते. ‘विहीर’ म्हणा, असं सांगितलं की लगेच ‘विहीर’ म्हणायचे. पण मध्ये पाच सेकंद थांबायला लावलं, की म्हणायचे ‘आड’. कधी ‘पाणी’. आवाज विझून गेला होता, अर्थ मागे राहिला होता, आणि त्या अर्थावरून त्यांनी नवा शब्द शोधून आणला होता. पाच सेकंदांत काय टिकलं आणि काय गेलं, ते त्या एका ‘आड’मधून मला कळलं.

स्मृतीची जागा वेगळी, की भाषेचीच जागृती कमी पडते, यावर संशोधकांत आजही वाद आहे. मी त्यात निवाडा करणारी कोण. पण रुग्णासमोर बसल्यावर मला दुसरा विचार जास्त उपयोगी पडतो, कारण स्मृती वेगळी काढून घासूनपुसून परत बसवता येत नाही, शब्द मात्र जागवता येतात.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: बाबांची दीर्घकालीन स्मृती ठीक दिसते, आकड्यांचा पल्ला कमी असणं हे बोलणं अडण्याचं कारण असेलच असं नाही, पण शब्दांचे अर्थ फार लवकर विझत असतील तर वाक्य अर्ध्यावर सुटतं, आणि तुमच्या वर्णनात त्याचा संशय घ्यायला जागा आहे.

संशय म्हणते, निदान म्हणत नाही. निदान समोर बसवूनच होतं, आणि ते कसं होतं हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. मी आकडे किंवा शब्द साधारण सेकंदाला एक अशा गतीने म्हणते आणि परत म्हणायला सांगते. मग तेच काम तोंड न वापरता करायला लावते. टेबलावर घर, फूल, कप, चावी, बस, आंबा अशी चित्रं ठेवते, पुठ्ठ्याने झाकते, ‘चावी, बस, कप’ म्हणते, पुठ्ठा उचलते आणि त्याच क्रमाने बोट ठेवायला सांगते. बोटाने चार जमतात आणि तोंडाने दोनच, तर अडचण उच्चार बाहेर काढण्यात आहे, धरून ठेवण्यात नाही. दोन्हीकडे दोनच, तर धारणेकडे बघायचं. मग ठोकळ्यांची परीक्षा: मी काही ठोकळ्यांना एका क्रमाने बोट लावते, त्यांनी तसंच करायचं. यात शब्द नाहीत. इथे पाच जमले आणि शब्दांचे दोनच, तर एकूण एकाग्रता बरी आहे, गाडी शब्दांपाशीच अडते आहे. ओळखीचा शब्द आणि ‘टिमोळ’सारखा निरर्थक शब्द यांत किती फरक पडतो, लगेच म्हणण्यात आणि पाच सेकंद थांबून म्हणण्यात किती, हेही बघते. नॅडीन मार्टिन यांच्या गटाने नेमक्या अशाच थांब्यांवर आधारलेली पूर्ण चाचणी इंग्रजीत बांधली आहे.

आकड्यांबाबत एक गोष्ट चाचणी घेणाऱ्याला आवर्जून सांगा. आपल्याकडे अनेक जण हिशोब मराठीत करतात आणि फोन नंबर इंग्रजीत सांगतात. त्यातून मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन येतो, लिहिताना आधी पाच. बाबांनी गल्ल्यावर बसून चाळीस वर्षं ज्या भाषेत आकडे मोजले, त्याच भाषेत त्यांची परीक्षा व्हायला हवी. नाहीतर भाषेची अडचण स्मृतीच्या नावावर लिहिली जाते.

या परीक्षा घरी घेऊ नका, ही कळकळीची विनंती. पाहुणे आले की ‘बाबा, माझा नंबर सांगा बघू’ असं करणारी घरं मी पाहिली आहेत. प्रेमापोटीच करतात. पण ज्याने आयुष्यभर दुकान चालवलं, त्याला चारचौघांत दोन आकड्यांवर अडकलेलं बघणं त्याला स्वतःला फार लागतं. तो मग बोलायचंच टाळतो, आणि न बोलणारा माणूस सुधारत नाही.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत. झोप नीट होते का? ऐकू नीट येतं का? या वयात कानही कमी होत असतात, आणि ऐकूच नीट आलं नाही तर धरायचं काय? मन उदास आहे का? झटक्यानंतर जवळपास तीनातल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यात लक्ष टिकत नाही. फिटची औषधं चालू असतील तर त्यांनी सुस्ती येते का, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा. ब्राह्मी किंवा कोणतंही औषध सुरू करायचं तर तेही त्यांना सांगूनच, कारण बाबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असण्याची शक्यता आहे. बोलणं अचानक एका दिवसात बिघडलं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: झटका आलेलाच नाही, तरी महिन्यामागून महिने शब्द सापडेनासे होत आहेत, ऐकलेलं वाक्य परत म्हणता येईनासं झालं आहे, असं कुणाच्या घरी असेल तर तो वेगळा, हळूहळू वाढणारा आजार असू शकतो. बऱ्याचदा त्याच्या मुळाशी अल्झायमरची प्रक्रिया असते. न्यूरोलॉजिस्टकडे जायला वर्ष घालवू नका.

आता व्यायामांकडे येते. सुडोकू आणि मोबाईलवरचे स्मृतीचे खेळ यांतून माणूस त्या खेळात तरबेज होतो. ती सुधारणा वाक्यापर्यंत पोचलेली मी पाहिलेली नाही. बाबांना सुडोकू आवडत असेल तर खुशाल खेळू दे, पण बोलणं सुधारेल म्हणून त्यांच्या मानगुटीवर बसवू नका. त्यांचा दिवसाचा उत्साह मोजका आहे, तो बोलण्यावर खर्च होऊ दे.

मी करते तो व्यायाम साधा दिसतो. त्यांच्याच जगातले शब्द घ्यायचे: गूळ, तूरडाळ, पोतं, वजनकाटा, उधारी. ‘दोन किलो गूळ’ मी म्हणते, ते लगेच म्हणतात. जमलं की दोन सेकंद थांबून. मग पाच सेकंद थांबून. मग थांबण्याच्या वेळात मी काहीतरी साधं करायला लावते, टेबलावर टिचक्या मारायला वगैरे. शब्द एक, मग दोन, मग तीन. आधी एकमेकांशी नातं असलेले, ‘साखर, चहा’. नंतर नातं नसलेले, ‘साखर, छत्री’. आवाजाची बाजू कच्ची असणाऱ्याला मी यमक आणि पहिलं अक्षर यांवर जास्त काम देते. अर्थाची बाजू कच्ची असणाऱ्याला ‘गूळ कशाकशाला लागतो, कुठून येतो, साखरेत आणि त्यात फरक काय’ असं शब्दाच्या अर्थाभोवती फिरवते. शब्द जितका खोल जागा होतो तितका जास्त वेळ जागा राहतो. या पद्धतीवरचं संशोधन अजून थोड्या थोड्या रुग्णांवरचं आहे आणि सगळ्यांना सारखा फायदा झालेला नाही, हे मी प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगते. पण हा व्यायाम भाषेतच होतो, म्हणून मिळालेलं भाषेतच राहतं.

दुसरं काम वाक्याच्या घडणीचं. नाम आधी, बाकी मागून. ‘माल आला. तेलाचा. उद्या पैसे.’ सुरुवातीला कुटुंबाला हे तुटक वाटतं आणि कुणीतरी ‘नीट पूर्ण वाक्य बोला’ म्हणतं. तसं म्हणू नका. छोट्या तुकड्यांत बाबांचा अर्थ बाहेर पडतोय, पुढे हेच तुकडे जोडायचे असतात.

घरी तुम्ही काय करायचं? बाबा ‘ते... ते...’ वर अडकले की शब्द सुचवायची घाई करू नका, मनात दहापर्यंत मोजा. मग सुचवायचा झालाच, तर नवा शब्द देण्याआधी त्यांचेच शब्द त्यांना परत द्या: ‘गोडाऊन म्हणालात, चावी म्हणालात...’ आणि थांबा. विझलेले शब्द त्यांच्या कानावरून परत जागे होतात आणि बऱ्याचदा पुढचा आपोआप येतो. माझ्या हातातलं सर्वांत साधं आणि सर्वांत उपयोगी पडलेलं तंत्र हेच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. शेजारी पाटी ठेवा. त्यांनी बोललेला मुख्य शब्द त्यावर लिहा. जो शब्द पाटीवर आहे तो डोक्यात धरावा लागत नाही, तेवढी जागा पुढच्या शब्दाला मिळते. वाचणं कितपत टिकलं आहे त्यावर हे अवलंबून आहे. वाचता येत नसेल तर चित्र काढा, तेही चालतं.

तुम्ही बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती झाली की पुढची. ‘आतून साखर आणा.’ आणली. ‘आता तेल.’ पाचही गोष्टी एकदमच हव्या असतील तर चिठ्ठी द्या. आणि ‘आठवा ना!’ हा शब्दप्रयोग घरातून कायमचा बंद करा. त्यांना आठवतंय, शब्द तोंडापर्यंत टिकत नाहीये. ओटीपी ऐकवू नका. मोबाईल त्यांच्या हातात द्या, दोन-दोन आकडे बघून टाइप करू दे, आणि व्यवहार होईपर्यंत घरचं माणूस शेजारी असू दे.

सात महिने झाले, आता काय होणार, असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते हे खरं. पण २०१७ मध्ये जर्मनीत दीडशेवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, वाचाघात होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या, सत्तरीपर्यंतच्या माणसांना आठवड्याला किमान दहा तास असे तीन आठवडे उपचार मिळाल्यावर रोजच्या बोलण्यात मोजता येईल अशी सुधारणा झाली. महिन्यातून दोनदा अर्धा तास जाऊन तसं होणार नाही. जवळपास तज्ज्ञ नसेल तर मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी वाचोपचार शिकवले जातात, तिथे चौकशी करा. कुणाकडेही गेलात तरी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारायला संकोच करू नका.

राहिला दुकानाचा प्रश्न. बसवा. पण पहिल्या दिवशी सकाळच्या गर्दीत नको. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा एक तास, तुम्ही किंवा घरचं कुणी शेजारी. नेहमीच्या चार-पाच गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवा की बाबा समजतात सगळं, बोलायला वेळ लागतो, आणि यादी तोंडी सांगण्याऐवजी चिठ्ठीवर आणा. चिठ्ठी गल्ल्यावर ठेवून एकेक वस्तू काढायची, नाव मोठ्याने म्हणायचं, खोडायची. गिऱ्हाइकाने विचारलं ‘काय काका, बरे आहात का?’ तर उत्तर तुम्ही देऊ नका. दहा सेकंद जातील, गिऱ्हाईक थांबेल. उधारीची वही मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात द्या. ते काम त्यांना आजही घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं येतं.